एडिस डासाच्या अळीतील ग्रेगॅरिन परजीवी कसा शोधावा

प्राणिशास्त्राच्या पदवीवर्गात बसलेल्या बहुतेकांनी गांडुळाच्या शुक्राशयातला मोनोसिस्टिस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. त्याच ग्रेगॅरिन गटातला, म्हणजे कीटक-गांडुळांसारख्या प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या एकपेशीय जीवांपैकी, एक परजीवी आपल्या घरामागच्या पिंपात, गच्चीवरच्या कुंडीखालच्या ताटलीत किंवा पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर पडलेल्या टायरमध्ये वाढणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या अळीत राहतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा हा डास आपल्याला चांगला परिचयाचा आहे; त्याच्या पोटातल्या या आदिजीवाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ॲस्कोग्रेगॅरिना क्युलिसिस हे त्याचे शास्त्रीय नाव. जुन्या पुस्तकांत तो लँकेस्टेरिया क्युलिसिस या नावाने सापडतो, त्यामुळे ग्रंथालयात शोध घेताना दोन्ही नावे पाहावीत. नावापुढे कंसात ‘रॉस, १८९८’ असे लिहितात. हे रॉस म्हणजे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे परजीवी पाहणारे रोनाल्ड रॉस. हिवतापाचा शोध घेत डासामागून डास उघडताना त्यांना हा दुसराच पाहुणाही भेटला होता.

हे मार्गदर्शन महाविद्यालयातील शिक्षकांसाठी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि कीटकशास्त्राची आवड असलेल्या अभ्यासकांसाठी लिहिले आहे. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, दोन बारीक सुया आणि धीर एवढ्या भांडवलावर हे काम होते. महागड्या उपकरणांवाचून काम अडले, असे मी फारसे पाहिलेले नाही; चुकीच्या दिवशी चुकीच्या अवयवात पाहिल्यामुळे ते वाया गेलेले मात्र अनेकदा पाहिले आहे. म्हणून कृतीकडे वळण्याआधी या परजीवीचा जीवनक्रम नीट समजून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

परजीवीचा जीवनक्रम

अळीच्या आयुष्यात चार अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेच्या शेवटी ती कात टाकते. संसर्ग सहसा पहिल्या अवस्थेतच होतो. पाण्यात तळाशी बसलेले परजीवीचे ऊसिस्ट, म्हणजे टणक कवचातले बीजकोश, अळी अन्नाबरोबर गिळते. प्रत्येक ऊसिस्टमध्ये आठ स्पोरोझोआइट, म्हणजे संसर्ग करणाऱ्या सूक्ष्म पेशी, असतात. आतड्यात पोहोचल्यावर कवच उघडते, हे स्पोरोझोआइट बाहेर पडतात आणि मध्यांत्राच्या, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागाच्या, अस्तरातील पेशींमध्ये शिरतात. या काळात अळी उघडली, तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण परजीवी अजून पेशींच्या आत असतो. पुढे तो पेशीबाहेर येतो, टोकाने अस्तराला धरून राहतो आणि आतड्याच्या पोकळीत वाढू लागतो. या वाढत्या रूपाला ट्रोफोझोआइट म्हणतात. तिसऱ्या अवस्थेच्या उत्तरार्धापासून चौथ्या अवस्थेपर्यंत ते मोठे आणि ठळक होत जातात.

यानंतर जे घडते त्यावर या कामाचे सारे यश अवलंबून आहे. अळीचा कोष होऊ लागला की तिचे आतडे आतून मोडून नव्याने घडू लागते. परजीवी त्या पडझडीत सापडत नाही. पूर्ण वाढलेले ट्रोफोझोआइट मध्यांत्र सोडतात आणि मध्यांत्र व पश्चांत्र (आतड्याचा मागचा भाग) यांच्या सांध्यावर उघडणाऱ्या मालपिघी नलिकांमध्ये शिरतात. डासाला अशा पाच नलिका असतात आणि त्या उत्सर्जनाचे काम करतात. अळीचे इतर अवयव कोषावस्थेत बदलतात, पण या नलिका जवळपास जशाच्या तशा प्रौढ डासापर्यंत टिकतात. परजीवीने इतका सुरक्षित आसरा निवडावा, याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते. नलिकेत दोन-दोन परजीवी एकमेकांना चिकटून जोडी जमवतात, जोडीभोवती गोल आवरण तयार होते आणि त्यात नवे ऊसिस्ट घडतात. डास कोषातून बाहेर पडला की हे ऊसिस्ट नलिकांतून पश्चांत्रात आणि विष्ठेवाटे बाहेर येतात. मादी अंडी घालायला ज्या भांड्यावर बसते तिथे, नर-मादी ज्या पाण्यात मरून पडतात तिथे, आणि डास जिथून बाहेर पडला त्या पाण्यातही ते पोहोचतात. अंड्यांतून नवी अळी बाहेर येते तेव्हा तिचा परजीवी तिच्या आधीच पाण्यात हजर असतो.

तेव्हा नियम असा ठरतो: अळी असेल तर मध्यांत्र पाहावे, कोष किंवा प्रौढ असेल तर मालपिघी नलिका पाहाव्यात. हे काम मी पहिल्यांदा हाती घेतले त्या वर्षी आम्ही दोन दिवस बसून चाळीसएक कोष उघडले, प्रत्येकाचे मध्यांत्र काळजीपूर्वक तपासले आणि वहीत एकाखाली एक ‘आढळला नाही’ असे लिहीत गेलो. नलिका आम्ही आतड्यापासून सोडवून बाजूला सारत होतो, कारण त्या मध्ये येत होत्या. आठवड्याने उरलेल्या काही कोषांतून बाहेर आलेले डास एका विद्यार्थिनीने उघडले, तेव्हा नलिका ऊसिस्टांनी भरलेल्या निघाल्या. वहीतली ती दोन पाने आम्ही रद्द केली. पण फेकून दिलेल्या नलिका काही परत आल्या नाहीत.

अळ्या गोळा करणे

पावसाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अळ्या भरपूर मिळतात; तथापि पाणीटंचाईच्या भागांत लोक उन्हाळ्यातही पाणी साठवून ठेवत असल्याने रांजण, पिंपे आणि सिमेंटचे हौद यांत त्या वर्षभर सापडू शकतात. ज्या भांड्यातले पाणी बरेच दिवस उपसलेले नाही आणि ज्यात डासांच्या अनेक पिढ्या वाढल्या आहेत, अशा भांड्यात परजीवी सापडण्याची शक्यता अधिक असते, कारण तळाच्या गाळात ऊसिस्ट साठत गेलेले असतात. जे घर दर आठवड्याला सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळते त्या घरचे पिंप आपल्या उपयोगाचे नाही, आणि ते तसेच असावे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी टेमिफॉस हे अळीनाशक टाकलेल्या पाण्यातल्या किंवा गप्पी मासे सोडलेल्या हौदातल्या अळ्यांच्या मागे लागू नये.

घरमालकाची परवानगी घेऊन, पळीने किंवा लहान गाळण्याने पाण्याच्या पृष्ठभागालगत झटकन एक फेरी मारावी. सावली पडताच एडिसच्या अळ्या तळाकडे पळतात, म्हणून भांड्यावर वाकण्याआधीच पळी पाण्यात गेलेली असावी. गोळा झालेल्या अळ्या त्याच भांड्यातल्या पाण्यासह रुंद तोंडाच्या बाटलीत घ्याव्यात आणि बाटली अर्धी रिकामी ठेवावी. बाटलीवर भांड्याचा प्रकार, ठिकाण, तारीख आणि वेळ पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. अळ्या उचलून झाल्यावर घरमालकाच्या संमतीने ते भांडे तिथेच उपडे करावे आणि आतली बाजू घासून द्यावी. अभ्यासासाठी अळ्या नेल्या आणि उरलेल्या तिथेच डास होण्यासाठी सोडल्या, असे कधीही होऊ देऊ नये.

प्रयोगशाळेत आल्यावर पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये पाणी ओतून अळ्या वेगळ्या कराव्यात. ॲनॉफिलीस या हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या अळीला श्वसननळी नसते आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असते. क्युलेक्स आणि एडिस डोके खाली करून तिरप्या लटकतात; क्युलेक्सची श्वसननळी लांब व सडपातळ असून तिच्यावर केसांचे अनेक झुपके असतात, तर एडिसची नळी आखूड व जाड असून तिच्यावर झुपक्यांची एकच जोडी असते. इथवरचे काम भिंगाखालीही होते. खरी काळजी पुढे घ्यावी लागते, ती एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस वेगळे करताना. आठव्या पोटखंडाच्या बाजूला असलेल्या फणीसारख्या दातांची रांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. इजिप्तीच्या प्रत्येक दाताला मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना लहान दाते असतात, त्यामुळे तो त्रिशूळासारखा दिसतो. अल्बोपिक्टसचा दात साध्या काट्यासारखा एकेरी असतो. ज्या अळीबद्दल खात्री होत नाही, तिच्याच भांड्यातल्या काही अळ्यांचे प्रौढ होऊ द्यावेत. इजिप्तीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना वळलेल्या पांढऱ्या रेघा असतात, अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असते.

ही ओळख पटवण्याचा खटाटोप टाळता येत नाही, कारण परजीवी आपापल्या यजमानाला धरून असतात. ॲस्कोग्रेगॅरिना क्युलिसिस हा इजिप्तीचा, आणि ॲस्कोग्रेगॅरिना तैवानेन्सिस हा अल्बोपिक्टसचा. एकाचा परजीवी दुसऱ्याच्या अळीत शिरू शकतो, पण तिथे त्याची वाढ नीट पूर्ण होत नाही. कोकणात आणि गोव्यात बागायतीत, झाडांच्या ढोलीत, करवंट्यांत अल्बोपिक्टस भरपूर असतो आणि गावातल्या घराजवळच्या भांड्यांत दोन्ही जाती एकत्र मिळू शकतात. अशा मिश्र नमुन्यात जात न तपासता ‘इतक्या अळ्यांत परजीवी, इतक्यांत नाही’ असे लिहिले, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

अळी उघडणे

तिसऱ्या अवस्थेच्या शेवटची किंवा चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीची अळी निवडावी. कोष होण्याच्या बेतात आलेली अळी ओळखू येते: तिचा छातीचा भाग फुगतो, ती खाणे थांबवते आणि कडेला निपचित राहते. अशी अळी टाळावी, कारण तिच्यातले परजीवी नलिकांकडे निघालेले असण्याचा संभव असतो आणि ते अर्ध्या वाटेवर असले तर दोन्हीकडे पाहूनही हाती लागत नाहीत.

उघडण्यासाठी साधे पाणी वापरू नये. ट्रोफोझोआइटवर कठीण कवच नसते. साध्या पाण्यात तो पाणी शोषून फुगतो, त्याचा आकार बिघडतो आणि काही वेळाने फुटतो. औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्क्यांचे सलाइन या कामाला पुरते. बाटली उघडल्यावर ती त्याच दिवशी संपवावी किंवा फेकून द्यावी, कारण उघड्या सलाइनमध्ये जिवाणू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर त्यांचीच गर्दी दिसते. सुयांसाठी कीटक टोचायच्या सर्वांत बारीक टाचण्या बांबूच्या काडीत रोवून घ्याव्यात. बाजारातल्या विच्छेदनपेटीतल्या सुया या कामासाठी जाड पडतात.

अळीला बर्फावर ठेवलेल्या काचेच्या तबकडीत दोन-तीन मिनिटे गारवा द्यावा, म्हणजे ती वळवळत नाही. ती काचपट्टीवर घेऊन टिपकागदाच्या कोपऱ्याने तिच्याभोवतीचे पाणी शोषून घ्यावे आणि सलाइनचा एक थेंब टाकावा. विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली डाव्या हातातल्या सुईने छातीचा भाग दाबून धरावा. उजव्या हातातल्या सुईने श्वसननळीच्या अलीकडे, सातव्या-आठव्या खंडाच्या सांध्यावर, त्वचेला दोन्ही बाजूंनी लहानशी चीर द्यावी आणि मग शेवटचे खंड हळूहळू मागे ओढावेत. ओढ एकसारखी असावी, झटका नसावा. साधले तर पश्चांत्र, त्याच्या सांध्यावरच्या पाच पांढुरक्या नलिका आणि त्यामागून तपकिरी-हिरव्या अन्नाने भरलेले मध्यांत्र एका सलग धाग्यासारखे बाहेर येते. तुटले तर छातीकडच्या बाजूनेही डोके सुईने ओढून उरलेला भाग काढता येतो. पहिल्या दहा-बारा अळ्या हाताला वळण पडण्यात जातात. त्या मोजणीत धरू नयेत.

मध्यांत्रातले अन्न एका पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळलेले असते आणि परजीवी या पिशवीच्या बाहेर, म्हणजे पिशवी व अस्तर यांच्या मधल्या जागेत असतात. म्हणून सगळेच आतडे चिरडून टाकण्यापेक्षा अन्नाची पिशवी सुईच्या टोकाने ओढून वेगळी काढावी आणि उरलेले अस्तर सलाइनच्या ताज्या थेंबात उघडून पसरावे. असे केले की चित्र स्वच्छ दिसते. कव्हरस्लिप ठेवताना तिच्या एका कडेखाली केसाचा तुकडा ठेवला, तर तिच्या भाराने परजीवी चपटे होत नाहीत.

दहापट वस्तुभिंगाखाली संसर्ग झालेले मध्यांत्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की अस्तराला लहान लहान पांढरे गाजराचे तुकडे लटकले आहेत. पुढचे टोक रुंद व बोथट, मागचे निमुळते, लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या दशांशापासून पंचमांशापर्यंत. रुंद भागात एक गोल, फिकट, स्वच्छ ठिपका दिसतो, तो केंद्रक. बाकीचे शरीर बारीक कणांनी इतके भरलेले असते की खालून येणाऱ्या प्रकाशात ते काळसर आणि वरून पडणाऱ्या प्रकाशात दुधासारखे पांढरे दिसते. मोनोसिस्टिसप्रमाणेच यालाही शरीराचे दोन भाग पाडणारा आडवा पडदा नसतो. नजर स्थिर ठेवून एखादे मिनिट पाहत राहिले, की त्यांतला एखादा अस्तरापासून सुटून सरकताना दिसतो. त्याला केस नाहीत, शेपटी नाही, वाकणे-वळणेही फारसे नाही. तरी तो गुळगुळीत पुढे सरकतो आणि मग मध्येच एका बाजूला वाकतो. ही सरकण्याची चाल ग्रेगॅरिनांची खास खूण आहे, आणि ती फक्त जिवंत, ताज्या, सलाइनमधल्या नमुन्यात दिसते. विद्यार्थ्यांना फक्त तयार रंगवलेली काचपट्टी दाखवली तर त्यांना आकार समजतो, पण हा जीव समजत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणी करायची असेल तर एका अळीतले सर्व ट्रोफोझोआइट मोजून आकडा लिहावा. नुसते ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहिणे पुरेसे नाही, कारण एका अळीत दोन असणे आणि दीडशे असणे यांत त्या अळीच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

कोष आणि प्रौढ डास

कोष झाल्याची वेळ माहीत असणे आवश्यक आहे. चौथ्या अवस्थेतल्या अळ्या वेगळ्या भांड्यात ठेवून दर सहा तासांनी नवे कोष उचलून लहान बाटल्यांत ठेवावेत. उष्ण हवेत कोषावस्था साधारण दोन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी कोषाचे पोट सलाइनमध्ये वरीलप्रमाणेच मागून ओढून नलिका बाहेर काढाव्यात. संसर्ग असेल तर नलिकेत जागोजागी गोल गाठी दिसतात, जणू बारीक दोऱ्यात मणी ओवले आहेत. काही गाठींच्या आत मधोमध एक रेघ दिसते. जोडीतले दोन परजीवी अजून वेगळे ओळखू येतात ती ही वेळ.

प्रौढ डास उघडणे सर्वांत सोपे असते. फ्रीझरमध्ये ठेवून मारलेला डास सलाइनमध्ये घ्यावा, छाती दाबून धरावी आणि पोटाची शेवटची दोन खंडे ओढावीत. नलिका चाळीसपट वस्तुभिंगाखाली पाहाव्यात. ऊसिस्ट सुमारे दहा मायक्रोमीटर लांब, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळते असतात, आणि भरलेल्या शेंगेत दाणे असावेत तसे नलिकेत एकमेकांना लागून बसलेले असतात. नलिकेवर सुईने हलका दाब दिला की ते ओघाने बाहेर पडतात.

इथे एक इशारा देणे भाग आहे. निरोगी डासाच्या मालपिघी नलिकांच्या पेशींतही उत्सर्जित द्रव्यांचे चकचकीत कण असतात आणि नवख्या डोळ्यांना ते ऊसिस्ट वाटतात. फरक आकारात आहे: कण गोल व लहानमोठे असतात, तर ऊसिस्ट सगळे एकाच मापाचे आणि दोन्ही टोकांना निमुळते असतात. नेत्रिकेत मोजपट्टी असेल तर शंका मिनिटभरात मिटते.

चुकवणारे इतर जीव

अळीच्या अंगावर, विशेषतः श्वसननळीभोवती आणि पोटाच्या केसांवर, देठ असलेल्या घंटांसारखे जीव चिकटलेले दिसतात. ते व्हॉर्टिसेला. ते बाहेरून चिकटलेले असतात, आत शिरत नाहीत. अळीच्या शरीरपोकळीत जर केसाळ, वेगाने पोहणारे जीव दिसले, तर ते टेट्राहायमिना किंवा लॅम्बोर्नेला यांच्यासारखे सिलिएट असू शकतात. ही नोंद दुर्मीळ असते, म्हणून असा नमुना सापडल्यास छायाचित्र घेऊन तो अनुभवी तज्ज्ञाला दाखवावा. ॲनॉफिलीसच्या मध्यांत्राच्या बाहेरच्या भिंतीवर दिसणाऱ्या गोल गाठी म्हणजे रॉस यांनी पाहिलेला हिवतापाचा परजीवी. त्यालाही ऊसिस्टच म्हणतात, पण ती गाठ वेगळी, जागा वेगळी आणि जीवही वेगळा.

एखादी अळी बाहेरूनच चुन्यासारखी पांढरी, अपारदर्शक दिसत असेल आणि तिच्या चरबीपेशींत अंडाकृती, पाच-सहा मायक्रोमीटरचे बीजाणू ठासून भरलेले असतील, तर तो मायक्रोस्पोरिडिया गटातला जीव असण्याची शक्यता फार मोठी. पूर्वी याची गणना आदिजीवांत होत असे. आता त्याला बुरशींच्या जवळचे मानतात. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत दोन्ही गट एकाच प्रकरणात दिलेले असतात, त्यामुळे हा गोंधळ अजूनही होतो. २०२० मध्ये केनियातल्या ॲनॉफिलीस अराबिएन्सिस डासांत असाच एक मायक्रोस्पोरिडिया सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तो असलेल्या डासांत हिवतापाच्या परजीवीची वाढ होत नाही असे दिसल्याने या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

हे का पाहावे

ग्रेगॅरिन शोधून डास कमी होतात का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. भरपूर अन्न असलेल्या पाण्यातली अळी या परजीवीसह बहुधा सुखाने डास होते. गर्दी आणि उपासमार असेल तेव्हाच तो तिला जड जातो. त्यामुळे हा परजीवी पाण्यात सोडून डास नियंत्रण करावे, असे कोणी सुचवल्यास ते मनावर घेऊ नये. भांडे रिकामे करून घासणे, झाकण लावणे आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणे, याला पर्याय नाही.

त्याचे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्या गोष्टीचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली आणि त्यानंतर हा आजार देशातून जणू नाहीसा झाला, तो २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला. साथ नसते तेव्हा विषाणू कुठे राहतो, हा प्रश्न पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगाला घेतला. त्यांनी विषाणूचा संसर्ग असलेल्या एडिस इजिप्ती डासांतून ग्रेगॅरिनचे ऊसिस्ट काढले, ते नव्याने जन्मलेल्या अळ्यांना खाऊ घातले आणि त्यांतून तयार झालेल्या डासांत विषाणू पाहिला. २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परजीवीच्या टणक कवचाच्या आधाराने विषाणू एका पिढीतून पुढच्या पिढीत जाऊ शकतो, ही शक्यता त्यातून पुढे आली. हा प्रयोगशाळेतला पुरावा आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यावे. २००५-०६ च्या साथीतला विषाणू आफ्रिकी वंशाचा होता, तर १९७३ चा आशियाई वंशाचा. तसेच २००० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या यवत येथील डासांतून मिळालेला विषाणूही आफ्रिकी वंशाचा निघाला. तेव्हा बार्शीचाच विषाणू तीन दशके ऊसिस्टमध्ये दडून बसला होता, असे म्हणता येत नाही. पण कुठल्या गावातल्या कुठल्या भांड्यांत हा परजीवी किती आढळतो, याची साधी, खात्रीची मोजणी प्रत्येक जिल्ह्यात व्हावी, यासाठी एवढे कारण मला पुरेसे वाटते. ही मोजणी महाविद्यालयातले विद्यार्थी नक्कीच करू शकतात.

प्रयोगशाळेत संसर्ग करून पाहणे

परजीवीची वाढ पहिल्या दिवसापासून पाहायची असेल तर संसर्ग झालेले दहा-वीस मृत प्रौढ डास थोड्या पाण्यात काचेच्या खलात वाटावेत, मलमलीतून गाळावे आणि गाळलेल्या पाण्यातले ऊसिस्ट रक्तपेशी मोजायच्या काचकक्षात मोजावेत. समजा, कोपऱ्यांच्या चार मोठ्या चौकोनांत मिळून ४८ ऊसिस्ट दिसले. सरासरी १२ येते. तिला १०,००० ने गुणले की एका मिलिलिटरमध्ये १,२०,००० ऊसिस्ट आहेत असे ठरते. १०० अळ्यांना प्रत्येकी १०० या हिशेबाने १०,००० ऊसिस्ट द्यायचे असतील, तर या द्रावणातले सुमारे ०.०८ मिलिलिटर पुरते. अळ्या अंड्यातून बाहेर येऊन एक दिवस झालेला नसावा. त्यांना एक रात्र थोड्या पाण्यात ऊसिस्टांसह ठेवून दुसऱ्या दिवशी मोठ्या ट्रेमध्ये हलवावे. तितक्याच अळ्यांची, त्याच अन्नावरची पण ऊसिस्ट न दिलेली तुकडी शेजारी ठेवली नाही, तर प्रयोगाला आधार राहत नाही.

जिवंत डासांची जबाबदारी

या कामाचा सर्वांत गंभीर भाग शेवटी येतो, कारण तो काम संपल्यावरही संपत नाही. डेंग्यूचा विषाणू मादीकडून अंड्यांत जाऊ शकतो, त्यामुळे कधीही कोणाला न चावलेली, आपल्याच ट्रेमध्ये जन्मलेली मादीही धोकादायक ठरू शकते. कोष ठेवलेल्या प्रत्येक भांड्यावर मलमलीचे दुहेरी आवरण रबराने घट्ट बांधावे आणि ती भांडी पुन्हा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावीत. परिसरात साथ सुरू असेल तर प्रौढ अवस्थेपर्यंत जाऊच नये. अळ्यांवर काम थांबवून त्यांच्यावर उकळते पाणी ओतावे. प्रौढ हवे असतील तर पिंजरा न उघडता तो आतल्या भांड्यासकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि मगच आवरण काढावे. काम संपल्यावर वर्गातल्या माणसांइतकीच भांडीही मोजावीत. आमच्याकडे एकदा एक बाटली खिडकीत विसरली गेली होती. दोन दिवसांनी तिच्या मलमलीखाली सात माद्या बसलेल्या सापडल्या आणि गाठ सैल झालेली होती.

एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. म्हणून ट्रे नुसता उपडा करून वाळवणे पुरत नाही. उकळते पाणी ओतावे, ते निवेपर्यंत थांबावे आणि मग पाण्याच्या रेषेजवळची काळसर कड काथ्याने दोन वेळा घासून काढावी. बोट फिरवून खरखर लागली तर तिसऱ्यांदा घासावी.